उजव्या हाताची शपथ

शालुकडांगा गावात पाणी पानमळ्यात शिरलं तेव्हा भाद्रपद संपायला तीन दिवस उरले होते. तरुबालानं आंघोळ केली, धुतलेली साडी नेसली, कुडाचं दार सरकवलं आणि पहिलंच पाऊल घोट्यापर्यंत गार पाण्यात गेलं. पानमळ्यात पारोसं जायचं नसतं, चपला घालून जायचं नसतं, मनात भांडण घेऊनही जायचं नसतं, असं तिची सासू म्हणायची. पाण्याला हे कुणी सांगितलं नव्हतं. ते गावभरचा चिखल अंगाला फासून आत येऊन बसलं होतं.

तिनं वाकून एका वेलीचा बुंधा चिमटीत धरून पाहिला. अजून टणक होता. पानवेलीचे पाय दोन दिवस पाण्यात राहिले तर निभतं. तिसऱ्या दिवशी बुंधा काळा पडतो, आणि मग वरचं पान कितीही हिरवंगार दिसो, वेल मेलेली असते. बारा वर्षांचा मळा होता, छत्तीस ओळींचा. तो गेला तर नव्या वेलींचं पान हाताशी यायला तीन वर्षं, आणि तोवर तिच्या नवऱ्याला, निरापदला, तिच्यासकट वीटभट्टीवर जावं लागणार. तरुबालाची बहीण अशीच नवऱ्यामागोमाग भट्टीवर गेली होती. तिच्या तळहातांची सालं निघालेली तरुबालानं आपल्या डोळ्यांनी पाहिली होती.

"चर मोकळा असता तर तासाभरात पाणी ओढ्याला गेलं असतं," ती म्हणाली.

निरापद माइती दारात उभा होता. त्यानं नुसतं बांधाकडं पाहिलं आणि थुंकला.

चर होता, पण तो त्याच्या थोरल्या भावाच्या, अनादीच्या जमिनीतून ओढ्याला जात होता, आणि दोन वर्षांमागं अनादीनं त्याचं तोंड चिखलानं आणि बांबूच्या खुंट्यांनी बुजवून टाकलं होतं. मधले दोन्ही पावसाळे कोरडे गेले म्हणून कुणाला त्याची आठवण राहिली नव्हती. भांडण जमिनीचं नव्हतंच, जिभेचं होतं. पानाच्या बाजारात व्यापाऱ्यासमोर निरापद म्हणून गेला होता, "दादाचं पान गाईपुढं टाका, गाय तोंड फिरवेल." चार माणसं हसली. एवढंच झालं. निरापदला वाटलं होतं दादाही हसेल. त्याच्या जिभेला हाड नाही हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. पण दादा हसला नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे तो सापांच्या देवीच्या, मनसादेवीच्या, थोर-निवडुंगापाशी गेला, काटेरी बुंध्यावर उजवा पंजा ठेवला आणि म्हणाला, "या हातानं निरापदच्या घराचं भलं होईल असं एकही काम होणार नाही. झालं तर आई, तुझं माणूस माझ्याकडं पाठव." देवीचं माणूस म्हणजे साप. पंज्यातून रक्त आलं होतं, असं पाहणारे सांगतात.

त्या दिवशी दोघं नवराबायको पाणी उपसत राहिले. पत्र्याच्या डब्याला दोन्ही बाजूंनी दोर बांधायचे, समोरासमोर उभं राहायचं, डबा झोकानं बुडवायचा आणि झोकानं बांधापलीकडं रिकामा करायचा. दुपारपर्यंत तरुबालाच्या खांद्यात कुणी तापलेली सळई घातल्यासारखं झालं. बोटांच्या बेचक्यात पाण्यानं चिरा पडल्या. पाऊस थांबायचा, पाणी बोटभर उतरायचं, की पुन्हा सर यायची आणि उतरलेलं बोट परत करून जायची.

संध्याकाळी निरापदनं डबा भिरकावला. "मी बांध फोडतो."

"फोडा. आणि मग डोकं कुणाचं फुटलं ते मला सांगायला कोण येणार?"

"पाय धरायला जाऊ त्याचे?"

"पाय धरायला तुमची कंबर वाकत नाही हे मला एकोणीस वर्षं माहीत आहे," तरुबाला म्हणाली. "डबा उचला. ओढ्यात गेला तर वाटीनं उपसावं लागेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती तळ्यावर थोरल्या जावेला गाठून बोलली. चारुशीला भांडी घासत होती. दोघी जावांचं भांडण नव्हतं. नवरे बोलत नाहीत म्हणून त्या गावादेखत बोलत नसत आणि तळ्यावर सगळं बोलून घेत. तरुबालानं एवढंच मागितलं, की भाऊजींनी हात लावायला नको, माणूस द्यायला नको, नुसतं हो म्हणावं. निरापद स्वतः चर उघडेल.

चारुशीला घटकाभरानं नवऱ्याचं उत्तर घेऊन तळ्यावर परत आली. तिचं तोंड पडलेलं होतं. "म्हणतात, हो म्हणणं म्हणजे देणंच झालं. शपथ माणसाशी घेतली असती तर मोडली असती, आईशी घेतलीय. साप चावला तर तुझी धाकटी जाऊ विष उतरवायला येणार का, असं विचारतात."

"तुला काय वाटतं दीदी?"

"मला वाटतं रात्रभर झोपले नाहीत. पाऊस वाजला की उठून बसतात. पण विचारलं तर म्हणतात, डास चावतोय."

यावरून तरुबालाला कळायचं ते कळलं. माणूस अडून बसला नव्हता, अडकून पडला होता. अडून बसलेल्याला हलवता येतं. अडकलेल्याला मात्र आधी कुठून सोडवायचं ते शोधावं लागतं.

ती तशीच थोरल्याच्या अंगणात गेली. आता त्या मुलखात मोठ्या दिराशी धाकट्या भावजयीनं बोलायचं नसतं. तोंड दाखवायचं नाही, नाव घ्यायचं नाही, त्याच्या सावलीवर पाय पडला तर आंघोळ करायची. एकोणीस वर्षांत तिनं अनादीशी एक शब्द काढला नव्हता, आणि तो खोकत आला की ती पदर ओढून भिंतीला लागायची. अनादी ओसरीवर बांबूच्या कामट्या तासत बसला होता. तरुबाला पदर हनुवटीपर्यंत ओढून गोठ्याशी गेली आणि गाईच्या पाठीवर हात ठेवला.

"बुधी," ती गाईला म्हणाली, "तुझ्या मालकांना सांग, उद्या रात्रीपर्यंत आमच्या वेली काळ्या पडतील. सासूबाईंनी लावलेली पहिली ओळही त्यातच आहे."

कामट्या तासायचा आवाज थांबला. मग ओसरीवरून खाकरल्याचा आवाज आला.

"बुधी," अनादी म्हणाला, "पाहुण्यांना सांग, माझा हात बांधलेला आहे. मोकळा असता तर विचारायला यावं लागलं नसतं."

बुधीनं दोघांकडंही पाहिलं नाही. ती रवंथ करत राहिली. तरुबाला घरी आली ती डोळे पुसतच आली. नाही म्हणाला असता तर राग तरी करता आला असता.

भाद्रपदाचा शेवटचा दिवस उजाडला. भाद्रपदात शिजवायचं आणि आश्विनात खायचं, अशी तिकडची म्हण आहे आणि रीतही. शेवटच्या दिवशी सांजेपर्यंत सगळा स्वयंपाक उरकायचा, चूल विझवायची, शेणामातीनं सारवायची, तांदळाच्या पिठाची वेलबुट्टी काढून तिच्यावर थोराची फांदी ठेवायची. दुसऱ्या दिवशी चूल पेटत नाही, ते अरंधन. त्या दिवशी चूल हीच मनसादेवी. सासूनं त्याचं कारण एका वाक्यात सांगितलं होतं: पावसात बिळं बुडाली की बेघर झालेला साप कोरडी राख शोधत चुलीत येतो, वर्षातून एक दिवस तरी त्याला तिथून हाकलायचं नाही.

तीन दिवस उपसून हात उचलत नव्हते, तरी तरुबालानं रांधलं. उपासतापास टळेल, पण अरंधन टळणार नाही. अळूची भाजी, पाच प्रकारची भजी, कोळंबी घालून लाल भोपळा, आंबटगोड चटणी, हिल्सा माशाचे चार तुकडे, आणि भाताचं मोठं पातेलं, पाणी घालून ठेवलेलं. निरापद एकटाच डबा घेऊन बांधावर उभा होता आणि एकट्याला डबा झोकता येत नाही म्हणून परातीनं पाणी फेकत होता. चूल सारवताना तरुबाला तिला म्हणाली, "आई, बीळ बुडालं तर तू चुलीत येतेस. आमचं बुडालं तर आम्ही कुठं जायचं ते सांग." चूल गार होत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तरुबाला मळ्यात गेली. खालच्या तीन ओळींचे बुंधे चिमटीत मऊ लागले. सासूची ओळ वरच्या अंगाला होती, ती अजून धरून होती. आजचा दिवस, फार तर.

"तुम्ही उपसा," ती नवऱ्याला म्हणाली, "मी देवीच्या गाण्याला जाते."

"आता गाणं सुचतंय?"

"चूल पेटवायची नाही, हात उचलत नाहीत. आईकडं तरी जाऊन बसते."

देवळासमोरच्या मांडवात सगळा गाव होता. पुरुष एकीकडं, बायका एकीकडं. देवीची कथा गाणारा पवन गायेन म्हातारा झाला होता, पुढचे चार दात गेले होते, पण एका पायात घुंगरू बांधून हातात चवरी घेतली की तो चांद सौदागर व्हायचा, मनसादेवी व्हायचा आणि मधेच प्यायला पाणी मागणारा पवनही व्हायचा. गाणं शेवटाकडं आलं होतं. चांद सौदागर शिवाचा भक्त. मनसादेवीला हवी होती फक्त त्याच्या हातची पूजा, कारण त्यानं पूजा केल्याशिवाय माणसं तिला देवी मानणार नव्हती. तो म्हणाला, ज्या हातानं शिवाला पुजलं त्या हातानं या काणीला फूल देणार नाही. एका डोळ्याच्या देवीला काणी म्हणाला. तिनं त्याची सहा मुलं मारली, सात जहाजं बुडवली, सातव्या मुलाला लग्नाच्याच रात्री लोखंडाच्या खोलीत साप धाडला. सून बेहुला नवऱ्याचं प्रेत केळीच्या तराफ्यावर घालून देवांच्या दारापर्यंत वाहत गेली आणि सगळ्यांचे प्राण मागून आली. अट एकच, सासऱ्यानं देवीला एक फूल वाहायचं.

"आता सौदागरानं काय करावं?" पवननं घुंगरू वाजवला. "दिलं तर शब्द जातो, नाही दिलं तर पोरं जातात. तेव्हा सौदागरानं तोंड फिरवलं, उजवा हात पाठीमागं घेतला, आणि डाव्या हातानं फूल मागच्या मागं टाकलं."

इथं शालुकडांग्याची आपली रीत आहे. या ओळीला सगळ्या गावानं तोंड फिरवून डाव्या हातानं फूल फेकायचं. सवय नसलेल्या हातांची फुलं कुठंही जातात. एक चौकीदाराच्या टकलावर पडलं, दोन मृदंगावर गेली, आणि मांडव दरवर्षीप्रमाणं हसला. तरुबालाचं फूल तिच्याच पुढ्यात पडलं. मान वळवताना तिला पुरुषांकडचं एक फूल दिसलं. ते सरळ रेघेत गेलं आणि देवीच्या घटावर अलगद पडलं. ते अनादीचं होतं.

तिला सासूची गोष्ट आठवली. थोरला डावखुरा. डाव्या हातानं जेवायला बसायचा, म्हणून सासूनं सहा महिने चिंधीनं त्याचा डावा हात कमरेला बांधून ठेवला होता. "रडायचा बिचारा," सासू म्हणायची, "पण उजव्याला वळण लागलं." शपथ घेतली ती शिकवलेल्या हातानं. जन्माबरोबर आलेला डावा हात मोकळाच होता.

ती उठून उभी राहिली. बायका तिच्याकडं बघायला लागल्या. आजवर पुरुषांच्या मांडवात तिनं तोंड उघडलं नव्हतं. तिनं पदर ओढला आणि अनादीकडं पाठ करून पवनला विचारलं, "गायेनकाका, डाव्या हाताचं फूल आईला चाललं?"

"चाललं म्हणूनच तर मी गातोय, पोरी."

"मग कुणी उजव्या हाताची शपथ घेतली असेल, आणि डाव्या हातानं फूल नाही, दुसरंच काही काम केलं, तर? शपथ मोडते?"

शपथ कुणाची ते सगळ्यांना ठाऊक होतं. पवननं चवरी खांद्यावर टाकली आणि बोळक्या तोंडानं हसला.

"आईला डोळा एकच," तो म्हणाला. "तो ती फुलावर खर्च करते. हात कुठला ते बघायला दुसरा डोळा आहे कुठं तिला?"

कुणीतरी फिसकन हसलं. मागं घोंगडी झटकल्याचा आवाज आला, मग चिखलात पावलं वाजली. अनादी उठून निघून गेला होता. चारुशीलानं दुरूनच कपाळाला हात लावला. तरुबाला खाली बसली. भर गावात दिराची अब्रू काढली असं आता सगळे म्हणतील, आणि मळा तर जाणारच होता. पुढचं गाणं तिला ऐकू आलं नाही. थोड्या वेळानं ती उठली आणि पावसात घराकडं चालायला लागली.

मळ्याशी आली तर निरापद परात हातात धरून तसाच उभा होता. "ऐक," तो म्हणाला.

कुडापलीकडून फावड्याचा आवाज येत होता. थप्प, मग थोडं थांबून पुन्हा थप्प. दोघं बांधावर चढले.

अनादी गुडघाभर चिखलात उभा होता. उजवा हात त्यानं खांद्यावरून घेतलेल्या गमछ्यानं कमरेशी बांधून टाकला होता, आणि गाठ दातानं मारली होती बहुतेक, कारण ती खांद्यावर आली होती आणि गमछ्याचं चावलेलं टोक तिथं लोंबत होतं. तोंड ओढ्याकडं, पाठ मळ्याकडं. डाव्या हातात आखूड दांड्याचं फावडं. साठीचा माणूस, एका हातानं चिखल उपसत होता, आणि फावडं असं पडत होतं की जणू जन्मभर तो हात याच कामाची वाट बघत होता. खुंट्या उपटून बाजूला पडल्या होत्या.

निरापदला तोंड उघडायचं होतं. तरुबालानं त्याच्या दंडाला चिमटा घेतला. "बोलू नका. तुमचं बोलणं झालंय एकदा," ती म्हणाली, "आता फावडं घ्या."

निरापदनं फावडं घेतलं आणि आपल्या बाजूनं खणायला लागला. दोघे भाऊ एकमेकांकडं न बघता खणत होते. मधला चिखल पातळ होत गेला, मग एकदम खचला, आणि पाणी आधी चोरासारखं आणि मग वरातीसारखं चरात शिरलं. कुडाच्या भिंती थरथरल्या. पाण्याबरोबर सुकलेली पानं, दोराचा एक तुकडा, एक बेडूक असं काय काय ओढ्याकडं निघालं. तरुबाला बांधावरच खाली बसली. तिला रडू आलं आणि तिनं ते मोकळं येऊ दिलं. चार दिवसांत पहिल्यांदाच तिचे खांदे खाली आले होते.

"दादा," निरापद म्हणाला. "तुझं पान चांगलं होतं रे. त्या दिवशीही चांगलं होतं."

"माहीत आहे," अनादी ओढ्याकडं बघत म्हणाला. "बाजारातून आलो त्या संध्याकाळी बुधीला घातलं होतं. दोन वेळा मागून खाल्लं तिनं."

तासाभरानं मळ्याची जमीन दिसायला लागली. खालच्या तीन ओळी गेल्या होत्या, वरच्या तेहेतीस राहिल्या. तरुबालानं सासूच्या ओळीचे बुंधे एकेक करून चिमटीत धरले आणि मगच ती घरात गेली.

अरंधनाच्या दिवशी दारात आलेल्याला शिळं वाढल्याशिवाय परतवायचं नसतं. चारुशीला मांडवातून धावतच आली होती. तिनं नवऱ्याचे पाय धुतले आणि गमछ्याची गाठ सोडायला हात घातला.

"थांब," अनादी म्हणाला. तो धाकट्याच्या ओसरीवर बसला होता, दोन वर्षांनी. समोर केळीच्या पानावर पाण्यातला गार भात, अळू, भोपळा, हिल्साचा मोठा तुकडा. उजवा हात बांधलेला, आणि डाव्या हातानं जेवायला लहानपणीच आईनं बंदी केलेली. सगळे एकमेकांकडं बघायला लागले. निरापदला वाटलं, आता हा उपाशीच उठतो.

अनादीनं सारवलेल्या गार चुलीकडं पाहिलं. चुलीवर थोराची फांदी होती.

"आई," तो चुलीला म्हणाला, "शपथ आहे ती या घराचं भलं करायची नाही अशी. खाऊन नुकसान करायला तुझी हरकत नसावी."

आणि त्यानं दातानं गाठ सोडली. उजवा हात मोकळा झाला, तो आधी भातात गेला आणि मग हिल्सावर. तो जेवला ते चार दिवसांच्या उपाशी माणसासारखा. दुसऱ्यांदा भात संपला तसा तरुबालानं पदर हनुवटीपर्यंत ओढला, डाव उचलला आणि चुलीकडं तोंड करून म्हणाली, "आई, पाहुण्यांना सांग, अजून अर्धं पातेलं नुकसान शिल्लक आहे."

"वाढायला सांग," अनादी चुलीला म्हणाला.